आवाजी मेसेज ग्रुपवर गेला, आणि मी तो ‘फक्त माझ्यासाठी’ डिलीट केला

सुईदोरा

नमस्कार मंडळी.

चार दिवस झाले, नीट झोप नाही. आधी काय घडलं ते सांगते, मग विचारते.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती दादा-वहिनीकडे आहे. औषधं, ड्रेसिंग, व्यायाम हे सगळ्यांना कळावं म्हणून घरच्यांचा एक ग्रुप केलाय. मी, आमचे हे, दादा, वहिनी, मावशी आणि दोन मावसभावंडं. त्या संध्याकाळी माझं डॉक्टरांशी बोलणं झालं होतं आणि बदललेल्या गोळ्या सगळ्यांना सांगायच्या होत्या. लिहीत बसण्यापेक्षा आवाजी मेसेज बरा. मी नेहमी माइकवर बोट ठेवून ते वर सरकवते, म्हणजे रेकॉर्डिंग लॉक होतं आणि हात मोकळे राहतात. फोन पलंगावर ठेवला आणि कपड्यांच्या घड्या घालत बोलले. गोळ्या सांगून झाल्या. तेवढ्यात हे आत आले आणि म्हणाले, “वहिनी काय म्हणते?”

मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. ते झाकून ठेवलं तर तुम्ही तरी काय सांगणार? मी म्हटलं, “तिला आईचं करणं म्हणजे ओझं वाटतं. दादा घरात असला की तेवढ्यापुरतं दाखवते.”

घड्या संपल्या, फोन उचलला. आकडे अजून पळत होते, चार मिनिटं आणि वर काही सेकंद. मला वाटलं, पाठवायचंच राहिलं. पाठवलं. बोट उचललं आणि तो चाराचा आकडा डोक्यात शिरला. गोळ्या सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. हात थरथरायला लागले. मेसेज दाबून धरला, डिलीटवर गेले, समोर जे आलं ते दाबलं. मेसेज दिसेनासा झाला. मी मटकन खाली बसले, म्हटलं, वाचले.

तो फक्त माझ्या फोनवरून गेला होता. पाच-सात मिनिटांत मावशीचा फोन, “अगं, हे काय पाठवलंस?” आता मला तो मेसेज दिसत नाही, कोणी ऐकला तेही कळत नाही. वहिनीनं एक शब्द लिहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या रक्तदाबाचे आकडे रोजच्यासारखे तिनंच टाकले. ते बघून मला जास्त रडू आलं.

तो मेसेज अजून सगळ्यांच्या फोनवरून काढता येतो का? फोनमध्ये काय बदलू म्हणजे पुन्हा असं होणार नाही? आणि वहिनीसमोर जाऊन काय बोलू? “चुकून गेला” हे खरंच आहे. पण जे बोलले ते काही चुकून बोलले नव्हते.

जुनाकीपॅड

ताई, अ‍ॅपचं नाव तुम्ही दिलेलं नाही. बहुतेकांकडे व्हॉट्सअ‍ॅप असतं म्हणून त्याचं सांगतो.

‘सगळ्यांसाठी डिलीट’ ही सोय २०१७ मध्ये आली तेव्हा मुदत फक्त ७ मिनिटांची होती. पुढे ती तासाहून थोडी जास्त झाली आणि २०२२ मध्ये दोन दिवसांच्या वर गेली. तुमचे चार दिवस उलटलेत, शिवाय तुमच्या फोनवर तो मेसेजच उरलेला नाही, त्यामुळे तुमच्याकडून तो निघणार नाही. तुमच्यासारखी गडबड इतक्या जणांची होते की डिसेंबर २०२२ मध्ये त्यावर वेगळा उपाय काढावा लागला. ‘फक्त माझ्यासाठी’ दाबलं की ते मागे घ्यायला ५ सेकंद मिळतात, खाली छोटी पट्टी येते. मागे घेऊन मग ‘सगळ्यांसाठी’ करता येतं. पण हात थरथरत असताना ती पट्टी कोणाला दिसणार!

दुसरी एक वाट आहे. २०२२ पासूनच ग्रुपच्या अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. तुमच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण? त्याला विचारून बघा. मात्र तिथे ‘अ‍ॅडमिननं डिलीट केला’ अशी ओळ राहते, आणि ज्यांनी आधीच ऐकलंय त्यांचं काय, ते तुम्हीही जाणताच.

पुढच्यासाठी एकच सांगतो. रेकॉर्डिंग लॉक करणं सोडून द्या. बोट दाबून धरूनच बोला. बोट दाबलेलं असेपर्यंत आपण बोलतोय याची शरीरालाच आठवण राहते, आणि बोट उचललं की विषय संपतो. लॉक करावंच लागलं तर आधी थांबवा, ऐका, मग पाठवा. पाठवण्याआधी ऐकायची सोय २०२१ च्या शेवटी आलेली आहे. आणि पडद्याच्या वरच्या कडेला एक बारीक ठिपका असतो तो बघायची सवय लावा. अँड्रॉइडवर १२व्या आवृत्तीपासून हिरवा, आयफोनवर आयओएस १४ पासून नारिंगी. तो ठिपका दिसतोय म्हणजे फोन ऐकत असू शकतो. (कॅमेरा चालू असला तरी दोन्हींवर हिरवा दिसतो.)

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा दुसरं कोणी नीट देईल.

सुईदोरा

आभार. अ‍ॅडमिन दादाच आहे. म्हणजे मेसेज काढायचा तर आधी त्यालाच सांगायला हवं की त्यात काय आहे.

उंबरठा

तिसऱ्या प्रश्नावर मी लिहिते, कारण मी त्या बाजूला होते. ऐकणारी.

तीन वर्षं झाली. धाकट्या दिरांचा फोन आला, उचलला, हॅलो म्हटलं, पलीकडून उत्तर नाही. खिशातून लागला होता. कापड घासल्याचा आवाज, पावलं, आणि मग त्यांचा आवाज, माझ्याबद्दल. मी नोकरी सोडली होती त्याबद्दल. “आता आयतंच बसून खाणार” असं वाक्य होतं. मी फोन कट करायला हवा होता. नाही केला. सहा मिनिटं स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून ऐकत राहिले.

त्यांनी संध्याकाळी कॉलची यादी बघितली असणार. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला त्यांचा मेसेज आला, “काल चुकून फोन लागला वाटतं, खिशात होता, नवा फोन फारच नाजूक आहे.” मग आठवडाभर भेटले की फोनचीच गोष्ट. स्क्रीन कशी आपोआप उजळते, शेवटचा नंबर कसा आपोआप लागतो. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता म्हणतील, आता म्हणतील. नाही म्हणाले.

सासरेबुवांच्या आजारपणात एका रात्री हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. तेव्हा ते एकदम म्हणाले, “वहिनी, मी तुम्हाला आयतं बसून खाणारी म्हटलं होतं. तुम्ही ऐकलंत ना?” त्यांनी तेच शब्द उच्चारले. माझ्या छातीवरचं काहीतरी त्या क्षणी उतरलं. तोपर्यंत ते शब्द मी एकटीच सांभाळत होते, आणि त्यांना आठवतात की नाही हेही मला माहीत नव्हतं.

तेव्हा ताई, ग्रुपवर माफी लिहू नका, बाकी सगळ्यांपुढे तिला पुन्हा उभं करू नका. फोनवरही नको. जाऊन बसा. “किती ऐकलंस?” असं विचारू नका, ते विचारणं म्हणजे आपण किती कबूल करायचं याचा अंदाज घेणं. तुम्ही बोललात ती वाक्यं तुमच्या तोंडून म्हणा. रेकॉर्डिंग कसं चालू राहिलं हे तिनं विचारलं तरच सांगा. आणि तिनं लगेच “जाऊ दे” म्हणावं अशी अपेक्षा ठेवू नका. मी दिरांना त्या रात्री काहीच म्हटलं नव्हतं, फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

पाचवीखिडकी

उंबरठा, वाचून गप्प झाले.

माझी गोष्ट वेगळी आहे, बोलण्यात काही वाईट नव्हतं, तरी घर हादरलं. बाबांना तपासण्यांसाठी दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. सगळं ठीक निघालं, सोडलं. माझ्या एका हातात फायली, दुसऱ्यात पिशवी, म्हणून बोलून टाइप करायचं बटण दाबलं. म्हणायचं होतं, “बाबा गेले घरी, रिपोर्ट चांगले आहेत.” मी “बाबा गेले” म्हणाले आणि कोणीतरी कागदावर सही मागितली म्हणून थांबले. फायलींखाली अंगठा कुठे लागला कळलं नाही, तेवढेच दोन शब्द घरच्या ग्रुपवर गेले. मी फोन पर्समध्ये टाकला आणि लिफ्टनं तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरले. तिथे नेटवर्क नाही. बाबांना घेऊन भाऊ आधीच निघाला होता आणि गाडी चालवताना तो फोन उचलत नाही.

मी वीसेक मिनिटांनी वर रस्त्यावर आले तेव्हा फोन थांबायचं नावच घेईना. आत्या घरातून निघालेली होती. चुलतभाऊ ऑफिसमधून उठलेला होता. आत्याला फोन केला तर ती मला काही बोलूच देईना, नुसती रडत होती, आणि मी ओरडून सांगतेय की आत्या, ते घरी गेले, घरी!

आत्या सत्तर वर्षांची आहे. त्या वीस मिनिटांत तिच्या जिवाला काही झालं असतं तर, या विचारानं अजून अंगावर काटा येतो. आपल्या भाषेत ‘गेले’ या शब्दाचं काय वजन आहे ते त्या यंत्राला कसं कळावं? तेव्हापासून माणसांच्या बाबतीत मी ‘गेले’ लिहीत नाही, ‘पोचले’ लिहिते. बोलून टाइप केलेलं वाचल्याशिवाय पाठवत नाही. कीबोर्डवरचं एंटर दाबलं की मेसेज जातो अशी एक सेटिंग असते, तीही बंद केली. आता पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो म्हणतात, पण मला तर तळघरात काही गेलंय हेच माहीत नव्हतं.

जुनाकीपॅड

पाचवीखिडकी, हा प्रकार फार जुना आहे. माझं नावच त्यावरून घेतलंय. बटणांच्या फोनवर टी-नाइन नावाची सोय असायची. एका बटणावर तीन-चार अक्षरं, आपण प्रत्येक बटण एकदाच दाबायचं आणि शब्द फोननं ओळखायचा. ४६६३ दाबलं की ‘गुड’, ‘होम’ आणि ‘गॉन’ हे तिन्ही इंग्रजी शब्द त्याच चार आकड्यांत बसतात. बरा आहे, घरी आहे, गेला. हवा तो शब्द येईपर्यंत पुढचं बटण दाबत राहायचं. घाईत एकदा कमी-जास्त दाबलं की संपलं. वीस वर्षांत फोन कुठल्या कुठे गेले, पण पाठवण्याआधी वाचून बघायचं काम अजून आपल्याकडेच आहे, आणि ते करायला लावील अशी जागा मात्र दर वर्षी कमी होत चालली आहे. याचा मला मनापासून राग येतो.

सातवामैल

इथे आतापर्यंत कोणीतरी काहीतरी बोललं किंवा लिहिलं. मी काहीच केलं नव्हतं, फक्त गाडी सुरू केली होती.

आम्ही दोघं मूल व्हावं म्हणून उपचार घेत होतो. दोन वर्षं. घरी कोणाला सांगितलं नव्हतं, ऑफिसात तर प्रश्नच नाही. त्या दिवशी तीन सहकाऱ्यांना घेऊन एका बैठकीला निघायचं होतं. ते गाडीत बसले, मी बाहेर उभा राहून डॉक्टरांशी बोलत होतो. उशीर होतोय म्हणून फोन कानाला धरूनच आत बसलो आणि गाडी सुरू केली. ब्लूटूथ जोडलं गेलं, आवाज कानातून गाडीच्या स्पीकरमध्ये. माझ्या तपासणीचा निकाल, आकड्यांसकट, चौघांनी ऐकला. कॉल परत फोनवर कसा घ्यायचा ते मला सुचेना. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं तर आवाज आणखी मोठा झाला. शेवटी गाडीच बंद केली.

कोणी काही बोललं नाही. माझ्या शेजारी बसलेले आमचे साहेब दार उघडून खाली उतरले आणि म्हणाले, “तू बोलून घे, आम्ही जरा बाहेर थांबतो.” मागचे दोघंही उतरले. मी त्यांचा आजही ऋणी आहे. पण त्या दिवशी घरी जाऊन बायकोला हे सांगणं मला बैठकीपेक्षा, तपासणीपेक्षा, सगळ्यापेक्षा जड गेलं. ती गोष्ट तिचीही होती आणि ती माझ्या हातून बाहेर गेली होती.

उपाय सोपा आहे, कोणी आधी सांगितला असता तर! फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावावर जा. अँड्रॉइडवर तिथे ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया’ वेगवेगळे चालू-बंद करता येतात. कॉल बंद ठेवा, गाणी चालू राहतात. संपर्कांची यादी गाडीला द्यायची परवानगीही तिथेच असते, तीही बंद करा. आणि दुसऱ्याच्या गाडीला फोन जोडला असेल तर उतरताना त्या गाडीतून आपलं नाव काढायला विसरू नका.

रंगपेटी

माझंही थोडक्यात. मैत्रिणीनं स्वतः विणून मला स्वेटर दिला. अंगावर घालून फोटो काढला आणि तिला पाठवला. फोनमध्ये लाइव्ह फोटो चालू होता. बटण दाबण्याआधीचा दीड सेकंद आणि नंतरचा दीड सेकंद त्यात येतो, आवाजासकट. आधीच्या दीड सेकंदात मी बहिणीला म्हणत होते, “हा घालायचा कुठे?” तिनं फोटोवर बोट दाबून धरलं आणि ऐकलं. मला तिनं कधीच सांगितलं नाही, तिच्या मुलीकडून कळलं. पुढच्या हिवाळ्यात तो स्वेटर मी तिच्यासमोर घालत राहिले, पण तिनं त्याकडे बघितलंच नाही. उंबरठांनी लिहिलंय ते मला तेव्हा कोणी सांगायला हवं होतं. या शनिवारी मी तिच्याकडे जाणार आहे.

रिकामंबाक

एक छोटी पण कामाची भर. पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की आणीबाणीचा कॉल लागतो अशी सोय बऱ्याच अँड्रॉइड फोनवर असते. चांगली सोय आहे, ठेवावी. पण खिशात किंवा मुलांच्या हातात ती आपोआप चालते. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये असे चुकीचे कॉल इतके वाढले की पोलिसांना लोकांसाठी जाहीर सूचना काढावी लागली. माझ्याकडून लागला तेव्हा मी घाबरून कट केला. ते चूक होतं. कट केला की पलीकडच्याला कळत नाही की चूक आहे की खरंच कोणी संकटात आहे, आणि त्यांना आपल्याला परत फोन करत बसावं लागतं. तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाचा खरा फोन ताटकळतो. कॉल लागलाच तर थांबा आणि “चुकून लागला, मी ठीक आहे” एवढं सांगा.

सुईदोरा

सगळ्यांना लिहायचं होतं, आज वेळ मिळाला.

उंबरठा, तुमचा प्रतिसाद मी त्या रात्री तीनदा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला फोन केला आणि मेसेजबद्दल सांगितलं. तो म्हणाला, “मी त्याच रात्री काढला. पूर्ण ऐकला नाही. तिनं ऐकला.” एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. रविवारी गेले. आई झोपली होती. वहिनी गोळ्यांचे डबे भरत होती, सात दिवसांचे, सकाळ-दुपार-रात्र. मी समोर बसले आणि म्हटलं, “मी म्हटलं होतं की तुला आईचं ओझं वाटतं, आणि तू दादापुरतं दाखवतेस.” आवाज फुटत नव्हता, पण दोन्ही वाक्यं पूर्ण म्हटली. रेकॉर्डिंगचं काही बोलले नाही.

ती डबे भरत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, “ओझं वाटतं. ते खरंच आहे. रात्री तीनदा उठावं लागतं, सकाळी ऑफिस असतं. कोणाचंही केलं तरी ओझं असतंच ना ते. पण दाखवण्यापुरतं करते म्हणालीस, ते फार लागलं. दादा झोपलेला असतो तेव्हाच मी उठते.”

मला हे माहीत नव्हतं. ऑपरेशनला सात आठवडे झाले आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की रात्री कोण उठतं. मी डॉक्टरांशी बोलत होते, गोळ्या कळवत होते, आणि तेवढ्यावर मला वाटत होतं की माझा वाटा मी उचलतेय.

तिनं मला माफ केलं की नाही, माहीत नाही. निघताना दारापर्यंत आली, “सावकाश जा” म्हणाली. मावशीला मी वेगळं सांगितलं की जे ऐकलंस ते खोटं होतं आणि मी ते वहिनीला सांगून आले आहे.

फोनचं म्हणाल तर, रेकॉर्डिंग लॉक करणं सोडलं. औषधांचं आता लिहूनच पाठवते.

काल रात्री वहिनीनं ग्रुपवर पुढच्या आठवड्याचा तक्ता टाकला. बुधवार आणि शनिवारच्या रात्रीच्या रकान्यात माझं नाव आहे. मी विचारलं होतं, तिनं लिहिलं.